अठरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये शस्त्रक्रिया करावी का?

इंदूरच्या लोकमान्य नगरातील एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत, बारा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि पित्ताशयात खडे निघाले असून दोनदा पोटात जोराची कळ येऊन गेली आहे. घरोब्याचे एक सर्जन रामबागेजवळच्या आपल्या १८ खाटांच्या नर्सिंग होममध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढण्यास तयार आहेत. पुण्याचे दीर मात्र मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयाशिवाय दुसरीकडे न्यायचेच नाही, असे बजावत आहेत. सासूबाईंचा कौल अर्थातच रामबागेला आहे, कारण या सर्जनांच्या वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी त्यांचे अपेंडिक्स काढले होते.

मी भूलतज्ज्ञ आहे. एमवाय या इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात शिकले आणि त्यानंतरची तीस-बत्तीस वर्षे इंदूरच्या लहान-मोठ्या रुग्णालयांत, आधी लुनावरून आणि पुढे मोटारीतून, औषधांची बॅग घेऊन फिरत आले. माझे स्वतःचे रुग्णालय कधीच नव्हते, त्यामुळे कोणाची बाजू घेण्याचे मला कारण नाही. सर्जनला आपली एकच ओटी (शस्त्रक्रियेची खोली) माहीत असते, भूलतज्ज्ञाला गावातल्या पन्नास ओट्या आतून माहीत असतात, एवढाच माझा अधिकार.

लहान नर्सिंग होमचे बळ आणि त्याची उणीव या दोन वेगळ्या गोष्टी नसतात, असे माझे मत बनले आहे. सगळा कारभार एका डॉक्टरभोवती फिरतो, हेच त्याचे बळ. तो डॉक्टर जागेवर नसला की मागे काय उरते, हा त्याच्याविषयीचा खरा प्रश्न. म्हणून दुपारी बारा वाजता ओपीडीत बसून, भिंतीवरची प्रमाणपत्रे पाहून कोणत्याही नर्सिंग होमची पारख होत नाही. ती रात्री दोनचा विचार करून करावी लागते.

बळाचे उदाहरण आधी देते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वीस खाटांच्या ठिकाणी गर्भपिशवी काढलेल्या एका बाईंना मी भूल देऊन घरी आले होते. रात्री साडेदहाला तिथल्या सिस्टरांचा फोन आला. नाडी ९६, रक्तदाब ११०/७०, लघवी थोडी कमी. कागदावर घाबरण्यासारखे काही नव्हते. सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, आकडे बरे आहेत, पण या बाई संध्याकाळी माझ्याशी मुलीच्या लग्नाचं बोलत होत्या, आता नुसतं हो-नाही म्हणतायत. मला बरोबर वाटत नाही.” सर्जन वरच्याच मजल्यावर राहत होते. ते घरच्या कपड्यांतच खाली आले, त्यांनी पोटाला हात लावला आणि मला परत बोलावले. आत रक्तस्राव होत होता. तासाभरात आम्ही पोट पुन्हा उघडले, सुटलेली गाठ बांधली, आणि चार-पाच दिवसांनी त्या बाई चालत घरी गेल्या. मोठ्या रुग्णालयातही हे कळले असते, पण तिथे पाळी बदलताना रुग्ण एका नर्सकडून दुसरीकडे कागदावरून सोपवला जातो, आणि संध्याकाळी बाई बोलत होत्या ही नोंद कोणत्याही तक्त्यात नसते. सहा रुग्ण असलेल्या मजल्यावर प्रत्येकाचा चेहरा सिस्टरांच्या ओळखीचा होतो. हा फायदा कोणत्याही यंत्राने भरून येत नाही.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट येते. ज्याने तपासले तोच शस्त्रक्रिया करतो, तोच टाके काढतो आणि महिन्याने खोकल्यावर जखम ओढते म्हणून फोन केला तर तोच उचलतो. त्याच मोहल्ल्यात त्याला उद्या भाजी घ्यायची असते, गणेशोत्सवात भेटायचे असते. या लाजेकाजेचा रुग्णाला मिळणारा आधार मी लहान समजत नाही.

आता दुसरी बाजू. वर सांगितलेल्या सिस्टर पुढे दोन वर्षांत जास्त पगारावर बायपासकडच्या मोठ्या रुग्णालयात गेल्या, आणि त्यांच्या जागी जी मुलगी आली तिला रक्तदाबाचा पट्टा नीट बांधता येत नव्हता. लहान ठिकाणी एक चांगले माणूस गेले की दर्जा एका रात्रीत घसरतो, आणि बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही. तीन वर्षांचा जीएनएम हा परिचर्येचा पदविका किंवा चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम केलेल्या, परिचर्या परिषदेकडे नोंद असलेल्या किती परिचारिका रात्रपाळीला असतात, हे विचारण्यात संकोच करू नये. पांढरा गणवेश घातलेली प्रत्येक मुलगी सिस्टर नसते. रात्रीचे निवासी डॉक्टर पुष्कळदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. त्यांच्यापैकी काही जण अनुभवाने फार तरबेज झालेले मी पाहिले आहेत. तरीही गंभीर प्रसंगी श्वासनलिकेत नळी घालण्याचे किंवा हृदयाच्या ठोक्यांची गडबड ओळखून औषध देण्याचे शिक्षण त्यांना मिळालेले नसते. तेव्हा सर्जन शहरात आहेत का, रात्री किती मिनिटांत पोहोचतील, आणि ते बाहेरगावी असतील तर त्यांच्या जागी कोण येईल, त्या व्यक्तीचे नाव काय, हे विचारावे. नाव सांगता आले नाही, तर तशी व्यवस्था नाही असे धरून चालावे.

माझ्या स्वतःच्या व्यवसायाची उणीवही इथे कबूल केली पाहिजे. लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतो आणि पुष्कळदा रुग्णाला पहिल्यांदा टेबलावरच पाहतो. एक केस आटोपली की दुसरीकडे पुढची वाट पाहत असते. मीही तशी पळाले आहे, रुग्ण डोळे उघडून नाव सांगू लागला की सिस्टरांना सूचना देऊन निघाले आहे. मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला तास-दोन तास वेगळ्या खोलीत प्रशिक्षित माणसाच्या नजरेखाली ठेवतात. लहान ठिकाणी ती खोली नसते, रुग्ण थेट आपल्या खाटेवर येतो आणि नातेवाईक भोवती गोळा होतात. भूल उतरतानाचा हा काळ निसरडा असतो. म्हणून भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी भेटण्याचा आग्रह धरावा, आणि शस्त्रक्रियेनंतर तो किती वेळ थांबणार आहे हे त्यालाच विचारावे. रागावला तरी विचारावे.

सामग्रीविषयी लोक मला नेहमी यंत्रांची नावे विचारतात. मी ओटीत शिरल्यावर काय करते ते सांगते. आधी ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा पाहते, मग राखीव सिलिंडर उघडून त्याचाही काटा पाहते, श्वासनलिकेत नळी घालताना घसा दाखवणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा पेटवते, घशातला स्राव ओढून घेणारे सक्शन सुरू करून नळीला बोट लावते, आणि तातडीच्या औषधांचा ट्रे उघडून अॅड्रेनालिनच्या मुदतीची तारीख वाचते. या सगळ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. ही सवय मला एका फजितीतून लागली. एका ठिकाणी शस्त्रक्रिया अर्ध्यावर असताना चालू सिलिंडर संपला. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला १० लिटर सोडला तरी तो अकरा-साडेअकरा तास पुरतो, त्यामुळे तो कधी लावला होता याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. राखीव सिलिंडर शेजारीच उभा होता, पूर्ण भरलेला. तो उघडायची चावी मात्र सापडेना. वॉर्डबॉय खाली पळाला, मी हातात फुगा घेऊन साध्या हवेवर रुग्णाचा श्वास चालू ठेवला आणि पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा ९९ वरून ९१ पर्यंत उतरताना पाहत राहिले. चावी स्टोअरमध्ये एका खिळ्याला टांगलेली होती. रुग्णाला काही झाले नाही. त्या दिवसापासून माझ्या बॅगेत माझी स्वतःची चावी असते.

तेव्हा ‘आमच्याकडे सगळ्या सोयी आहेत’ या वाक्याने समाधान मानू नये. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि त्यातला काही रक्तात शोषला जातो. तो श्वासावाटे किती बाहेर पडतो ते दाखवणारा कॅपनोग्राफ ओटीत आहे का, एवढे एक विचारले तरी पुष्कळ कळते. आणखी एक प्रश्न मी आपल्याला मुद्दाम सुचवते, कारण तो सहसा कोणी विचारत नाही: दुर्बिणीची हत्यारे निर्जंतुक कशी करता? एका दिवशी चार शस्त्रक्रिया आणि हत्यारांचा संच एकच असेल, तर दोन केसेसच्या मध्ये ती हत्यारे ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावात वीस मिनिटे बुडवून पुन्हा वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती आणि काही ठिकाणी अजून आहे. वीस मिनिटांत बहुतेक जंतू मरतात, पण पूर्ण निर्जंतुकीकरणाला त्याच द्रावात दहा तास लागतात. त्यातून द्राव धुवायला साधे नळाचे पाणी वापरले, तर क्षयाच्या जंतूंचे काही चिवट भाऊबंद हत्यारांवाटे पोटाच्या भोकांत शिरतात. जखम आधी छान भरते आणि तीन-चार आठवड्यांनी तिथे गाठ येऊन पाणी सुटू लागते. मग महिनोन्‌महिने औषधे चालतात. ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ), इथिलीन ऑक्साइड वायू किंवा प्लाझ्मा निर्जंतुकीकरणाचे यंत्र यांपैकी कोणतेही उत्तर मिळाले तर चांगले. आपल्या सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून त्या दिवशीची पहिली केस त्यांचीच ठेवायला सांगा. उपाशी राहण्याचा काळही त्यामुळे कमी होतो.

आता ज्या कसोटीला मी सर्वांत अधिक महत्त्व देते, ती. नर्सिंग होम कोणत्या रुग्णाला ‘आमच्याकडे नको’ म्हणते, यावरून मी ते ओळखते. हृदयाची झडप खराब असलेल्या रुग्णाला किंवा वार (नाळेचा गोळा) गर्भपिशवीच्या तोंडाशी असलेल्या गरोदर बाईला हातची केस जाते म्हणून ठेवून घेणारा डॉक्टर कितीही कुशल असला, तरी त्याच्याकडे माझ्या घरचे माणूस मी नेणार नाही. आणि सोनोग्राफीचा कागद पाहून ‘हे मोठ्या ठिकाणी करा, मी फोन करून देतो’ असे सरळ सांगणाऱ्या दहा खाटांच्या डॉक्टरकडे माझ्या सख्ख्या बहिणीची शस्त्रक्रिया मी करवली आहे. आपल्या सर्जनांना गेल्या वर्षात किती रुग्ण दुसरीकडे पाठवावे लागले, कशासाठी आणि कुठे, हे गप्पांच्या ओघात विचारा. ‘कधी वेळच आली नाही’ हे उत्तर मला आवडत नाही.

या कसोटीवर सासूबाईंचे प्रकरण लावून पाहू. फाटा फुटतो तो पित्तनलिकेपाशी. खडे फक्त पित्ताशयात असतील, बिलिरुबिन आणि यकृताच्या बाकीच्या चाचण्या ठीक असतील आणि सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली नसेल, तर ही शस्त्रक्रिया चांगल्या लहान नर्सिंग होममध्ये नीट होऊ शकते. पण नलिका रुंद झाली असेल, कधी डोळे पिवळे झाले असतील किंवा कळीबरोबर थंडी वाजून ताप आला असेल, तर खडा नलिकेत उतरला असण्याची शक्यता धरावी लागते. त्यासाठी एमआरसीपी (पित्तनलिकेचे चित्र दाखवणारी एमआरआय तपासणी) आणि गरज पडल्यास तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढण्याची ईआरसीपीची सोय लागते. ती अठरा खाटांत नसते. तशा स्थितीत दीर म्हणतात तेच बरोबर, आणि आपले सर्जन जाणते असतील तर ते स्वतःच तसे सांगतील.

मधुमेह बारा वर्षांचा आहे, म्हणजे हृदयाचा ईसीजी पुरेसा नाही, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) हवा. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर पाहावी. मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन भूलतज्ज्ञाकडे जा, कारण डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांपैकी मधुमेहाची गोळी त्यात असेल तर ती शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी बंद करावी लागते. नाहीतर साखर जवळजवळ नेहमीसारखी दिसत असतानाही रक्तातले आम्ल वाढू शकते, आणि ते दाखवणारे रक्तातील वायूंच्या तपासणीचे यंत्र लहान नर्सिंग होममध्ये बहुधा नसते. भूलतज्ज्ञाने ही गोळी न विचारता चिठ्ठी बाजूला ठेवली, तर आपण विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचेही तसेच.

पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने सुरू करून पोट उघडण्याची वेळ कधी कधी येते. ती सर्जनची हार नसते. आतली रचना स्पष्ट दिसत नसताना दुर्बिणीचाच हट्ट धरला की पित्तनलिकेला इजा होते, आणि ती इजा आयुष्यभराचे दुखणे ठरू शकते. म्हणून संमतिपत्रात पोट उघडण्याचा उल्लेख आहे का ते वाचा, आणि कोऱ्या जागा ठेवलेल्या छापील कागदावर सही करू नका. एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात. आपल्याकडे नर्सिंग होमची नोंदणी मध्य प्रदेशच्या १९७३ च्या कायद्याखाली सीएमएचओंच्या (जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांच्या) कार्यालयात होते (पाटीवरचा ‘उपचर्यागृह’ हा शब्द तिथूनच आला). ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असते, त्यावरची मुदत वाचा. अग्निशमनाचे प्रमाणपत्र मात्र मागून पाहा. १ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयात आग लागून आठ जण दगावले, आणि बाहेर पडायला वाट एकच होती. इंदूरची कितीतरी जुनी नर्सिंग होम राहत्या बंगल्यांची झालेली आहेत, दिवाणखान्यात ओपीडी आणि वरच्या मजल्यावर ओटी. तेव्हा दुसरा जिना कुठे उतरतो आणि त्याच्या दाराला कुलूप आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. जिन्यावर गाद्यांचा आणि सलाइनच्या खोक्यांचा ढीग असला तर तेही एक उत्तरच आहे. स्ट्रेचर वळत नसेल, तर रुग्णाला खुर्चीत बसवून चार माणसे खाली आणतात. हे दृश्य मी मोजता येणार नाही इतक्या वेळा पाहिले आहे.

खर्च नर्सिंग होममध्ये कमी येतो, हे खरे, आणि त्याचे आकडे आपण दोन्हीकडून लेखी मागवावेत. विमा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: पॉलिसीतल्या ‘रुग्णालय’ या शब्दाच्या व्याख्येनुसार, स्थानिक कायद्याखाली नोंदणी नसल्यास दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० आणि इंदूरसारख्या शहरात किमान १५ खाटा लागतात. अठरा खाटा आणि चालू नोंदणी असेल तर इथे अडचण येऊ नये. विमा कंपनीशी करार नसलेल्या रुग्णालयातही रोकडरहित (कॅशलेस) सोय मिळावी म्हणून जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी व्यवस्था केली आहे. त्यासाठी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची सूचना ४८ तास आधी द्यावी लागते. मंजुरीचा मेल हातात येईपर्यंत पैशांची तजवीज मात्र आपली ठेवा. घरी जाताना सगळी कागदपत्रे मागा. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

माझे मत विचाराल तर नलिका साफ, इको चांगला, साखर आटोक्यात आणि रात्रीच्या प्रश्नांची उत्तरे नावानिशी मिळालेली असतील, तर मी रामबागेला होकार देईन, मात्र दोन अटींवर. रक्तगट जुळवून एक पिशवी रक्तपेढीत राखून ठेवावी, आणि अतिदक्षता विभाग असलेल्या कोणत्या रुग्णालयात हलवायचे ते आधीच ठरवून तिथल्या डॉक्टरांना कल्पना द्यावी. पुण्याच्या दिरांना त्या दिवशी इथे बोलावून घ्या. सर्जनांशी ते समोरासमोर बोलले की अर्धा वाद तिथेच मिटेल, असा माझा घरोघरचा अनुभव आहे.

तारीख ठरवताना पंचांगही पाहा, पण मुहूर्तासाठी नव्हे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (देखाव्यांच्या मिरवणुका) निघतात आणि जेल रोडपासून राजवाड्यापर्यंतचे रस्ते पहाटेपर्यंत माणसांनी भरलेले असतात. रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी दुपारपर्यंत तीच गत असते. एकदा झांक्यांच्या रात्री तातडीच्या सिझेरियनसाठी मी मोटार रस्त्यातच सोडून, बॅग डोक्यावर धरून गर्दीतून पाऊण तास चालत गेले होते. मी पोहोचले, पण रुग्णवाहिकेला तसे चालता आले नसते. त्या दोन दिवसांच्या आगेमागे रामबागेची तारीख घेऊ नका.